पेव, कणगी आणि जाते

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या पूर्वजांचा संसार’ या विषयावर काही मजकूर द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. ज्ञातीचा इतिहास म्हटला म्हणजे वतने, सनदा, कुलदैवते व कर्तबगार पुरुषांची नावे यांची जंत्री देण्याचा प्रघात आहे. ते कार्य विद्वान मंडळींनी पूर्वीच्या अंकांतून उत्तम प्रकारे केले आहे. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. ताम्रपट वाचण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु ज्या घरात या सनदा जपून ठेवल्या गेल्या, त्याच घरात धान्यही जपून ठेवले जात होते. सनद हरवली तर वतन जाई. धान्य किडले तर घर उपाशी मरे. असे असता या दुसऱ्या जपणुकीचा इतिहास मात्र कोणी लिहिला नाही, कारण तो बहुतांशी स्त्रियांच्या हातांत होता. त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांतील एक प्रसंग आठवतो. सातवीच्या वर्गात वाक्प्रचार शिकवीत असता ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आला. मुलांनी त्याचा वाक्यात उपयोग बिनचूक केला. पण पेव म्हणजे काय, असे विचारताच सारा वर्ग गप्प झाला. एकाने ‘फुगा’ असे उत्तर दिले. मुले शेतकऱ्यांची होती व शाळेपासून हाकेच्या अंतरावर एक बुजलेले पेव होते. शब्द जिभेवर राहिला आणि वस्तू मातीखाली गेली, हे पाहून आम्हांस त्या दिवशी फार चुटपुट लागली.

धान्य साठविण्याची ही विद्या आपल्या भूमीत किती जुनी आहे, हे इनामगावच्या उत्खननाने दाखवून दिले. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी हे गाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले; डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. म. के. ढवळीकर ही नावे त्या कार्याशी निगडित आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. सातू हे त्यांचे मुख्य धान्य. त्याबरोबर गहू, मसूर इत्यादीही मिळाले. घरांच्या आसपास धान्य साठविण्याचे खड्डे आणि कणग्या ठेवण्यासाठी केलेले गोल चौथरे सापडले. फिरते जाते तेव्हा नव्हते. दगडी पाट्यावर दगडाने धान्य रगडून पीठ करीत. म्हणजे आपल्या आजीच्या घरात जी कणगी उभी होती, तिची पणजी इनामगावच्या चौथऱ्यावर उभी होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

पेव, कणगी, बळद, कोठी, उतरंड आणि कोकणातील भाताचा मुडा, ही सारी एकाच गरजेची निरनिराळी रूपे होत. बांबूच्या कामट्यांची विणलेली, आतबाहेर शेणमातीने सारवलेली ती कणगी. वाड्याच्या भिंतीत किंवा माळ्यावर ठेवलेले ते बळद. एकावर एक रचलेल्या मडक्यांची ती उतरंड. यांत पेवाची रचना विशेष विचार करण्याजोगी आहे. गावठाणाच्या पांढरीत अथवा घट्ट मुरमात अरुंद तोंडाचा व आत घागरीसारखा फुगत गेलेला खड्डा खणीत. तो आतून जाळ करून कोरडा करीत, तळाला व कडेने वाळलेल्या काडाचा जाड थर देत आणि मग धान्य भरून वर पुन्हा काड घालीत. तोंडावर दगडी झाकण बसवून ते चिखलाने लिंपून टाकीत. धान्य हे सजीव आहे. तेही श्वासोच्छ्वास करते, त्यातील कीडही करते. बंद पेवात थोड्याच अवधीत प्राणवायू संपे, जुन्या पाठ्यपुस्तकांतील कर्बद्विप्राणिल वायू साचे आणि कीड गुदमरून मरे. म्हणूनच पेव उघडल्यावर कोणी घाईने आत उतरत नसे. प्रथम ते काही काळ उघडे ठेवीत व मग दोरीने दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर उतरणे म्हणजे मृत्यू. आमच्या आजीस वायूचे नाव ठाऊक नव्हते, पण दिव्याची खूण ठाऊक होती.

पेवाचा उपयोग केवळ ज्वारी-बाजरीसाठीच झाला असे नाही. सांगलीजवळ कृष्णा व वारणा यांच्या संगमावर वसलेल्या हरिपुरात हळदीची पेवे प्रसिद्ध होती. तेथील मातीच्या गुणामुळे त्यांत हळद वर्षानुवर्षे टिके. २००५ सालच्या महापुरात तेथील पुष्कळ पेवांत पाणी शिरले व त्या व्यवसायास मोठा धक्का बसला.

आता मंगळवेढ्याकडे वळू. हा प्रदेश आजही ज्वारीचे कोठार म्हणून ओळखला जातो व तेथील मालदांडी ज्वारीस भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे. पंधराव्या शतकातील दामाजीपंतांची कथा याच ठिकाणची. घोर दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेलेल्या लोकांना लुटवून दिली आणि प्रत्यक्ष विठ्ठलाने महाराचे रूप घेऊन त्या धान्याची रक्कम बादशहाकडे भरली, अशी ती भक्तिकथा आपण सर्वांनी कीर्तनांतून ऐकली आहे. कथेतील चमत्कार ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. आम्ही वाचकांचे लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे वेधू इच्छितो. दामाजींची उदारता थोर खरीच. पण त्या कोठारांत वाटण्याजोगे धान्य सुस्थितीत शिल्लक होते, म्हणून ती उदारता फळास आली. कोणा अनामिक मनुष्याने ते वाळविले, राखले, उंदरांपासून वाचविले असले पाहिजे. त्याचे नाव कथेत नाही.

राज्यकर्तेही या बाबतीत बेफिकीर नव्हते. पन्हाळगडावरील अंबारखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या आजही पाहावयास मिळतात. १६६० साली सिद्दी जौहराने घातलेला वेढा महिनोन्‌महिने चालला. अशा प्रसंगी गडाचे बळ तोफांइतकेच धान्यात असते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावरील धान्यगृहांस आग, उंदीर, किडामुंगी व वाळवी यांचा उपद्रव होऊ नये अशी ती बांधावीत, असा उपदेश आहे. स्वराज्याचा अमात्य उंदराचा व वाळवीचा विचार करतो, यातच त्याचे शहाणपण दिसून येते.

या साठवणीस कोणती धान्ये मानवत असत, हेही पाहण्यासारखे आहे. नाचणीचा दाणा इतका बारीक व टणक की किडीस त्यात शिरकावच होत नाही. म्हणून दुष्काळाची ठेव म्हणून ती वर्षानुवर्षे राखून ठेवीत. राळा व वरी यांचा दाणा टरफलात सुरक्षित असतो. खपली गव्हाचेही तसेच. इतर गव्हाचा दाणा मळणीत उघडा पडतो. खपलीचा दाणा मात्र मळणीनंतरही आपले कवच सोडीत नाही, तो उखळात सडून काढावा लागतो. हे कष्टाचे काम; परंतु तेच कवच किडीपासून त्याचे रक्षण करते. निसर्गाने प्रत्येक दाण्याभोवती जणू एक कणगीच विणून दिली आहे! मानवाने अगदी आरंभी पेरलेल्या गव्हांपैकी हा एक असून पश्चिम आशियात तो सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून पिकत आला. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या भागांत त्याची खीर व पुरणपोळी आजही मानाची समजली जाते. १९६० नंतरच्या दशकात बुटके, भरघोस उत्पन्नाचे गहू आले आणि खपलीचे क्षेत्र आक्रसत गेले. त्या नव्या गव्हांनी देशाची भूक भागविली, हे मान्य केलेच पाहिजे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खपलीच्याही सुधारित जाती तयार केल्या, ही समाधानाची बाब आहे.

साठविलेल्या धान्याचे पीठ रोजच्या रोज होत असे. कारण दाणा अखंड आहे तोवर त्यातील स्निग्धांश सुरक्षित असतो. एकदा पीठ झाले की त्याला हवा लागते आणि ते खवट होऊ लागते. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडू लागते, हा अनुभव सर्वांना आहे. तेव्हा पहाटेचे दळण हा केवळ रिवाज नव्हता, ती गरज होती. मात्र या दळणाचे गोडवे गाताना आपण पुरुषांनी जरा जपून बोलावे. पहाटे तारे असताना उठून, रात्री तान्ह्या मुलाने जागविलेल्या अंगाने, पायलीभर ज्वारी दळणे म्हणजे काय, हे आम्ही आमच्या आईच्या तळहातांवर पाहिले आहे. जनाबाईस दळू लागावयास प्रत्यक्ष पांडुरंग येत असे, अशी श्रद्धा आहे. मनुष्य मदतीस येत नव्हता म्हणूनच देवास यावे लागले, असे आम्हांस कधी कधी वाटते. त्या कष्टांतूनच ओवी जन्मली. हेमा राईरकर व गी पॉइतवँ यांनी खेडोपाडी फिरून व सहकाऱ्यांच्या साहाय्याने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे त्यांचे महाराष्ट्रावर मोठे ऋण आहे. तरीही गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, आणि तो सर्वथा योग्य होता.

ही जुनी व्यवस्था एका दिवसात मोडली नाही. १८६० साली आगगाडी सोलापुरास पोहोचली. पूर्वी जे धान्य बैलांच्या पाठीवर फार दूर जाऊ शकत नव्हते व म्हणून पेवात राहत होते, ते आता रोख पैशासाठी दूरच्या बाजारपेठेत जाऊ लागले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आगगाडीने धान्य आणलेही आणि नेलेही; ज्याच्या गाठीस पैसा होता त्याला ते मिळाले, ज्याच्या नव्हता त्याला मिळाले नाही. पुढे १८९६-९७ व १८९९-१९०० असे आणखी दोन मोठे दुष्काळ आले. महायुद्धाच्या काळात १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले व कालांतराने शिधापत्रिका खेड्यांतही पोहोचली. हळूहळू घरात वर्षाचे धान्य असावे ही कल्पना मागे पडली.

आता स्वतःच्या घरातील हकीकत सांगतो. १९७२ च्या दुष्काळात आमचे वय चौदा वर्षांचे होते. मोठी माणसे खडी फोडण्याच्या कामावर जात. आम्हां मुलांना तेथे सुकडी मिळे आणि रेशनच्या दुकानात परदेशातून आलेला लाल मिलो मिळे. आमच्या घरचे पेव त्याच साली दिवाळीनंतर उघडले. ज्वारी कडेने पिवळी पडली होती, तिला एक प्रकारचा उग्र वास होता. पण ती खाण्याजोगी होती. आजीने त्यातून शेजारच्या तीन घरांना पायली पायलीने दिली. पेव रिकामे झाले. मग घरात उरली ती उतरंडीतील राखेत घोळलेली, तोंड लिंपलेली दोन मडकी. पेवातील धान्याची उगवणशक्ती टिकत नाही, म्हणून बियाणे नेहमी असे वेगळे ठेवीत. ती हुरड्याची गुळभेंडी ज्वारी होती. आजीने ती लग्नानंतर माहेराहून आणली होती.

फाल्गुनात एके रात्री आमच्या वडिलांनी ती मडकी फोडण्याची गोष्ट काढली. घरात लहान भावंडे होती, त्यांचेही चुकत नव्हते. आजी उतरंडीपुढे जाऊन बसली व म्हणाली, “ह्याला हात लावायचा न्हाई. आज दळून खाल्लंस तर म्होरल्या साली रानात काय, पीठ पेरणार हाईस व्हय रं?” वडील काही बोलले नाहीत. पुढचे तीन-चार महिने आम्ही कसे काढले, ते येथे विस्ताराने सांगत नाही. १९७३ साली पाऊस झाला. हस्ताच्या आगेमागे ती ज्वारी पेरली गेली आणि उगवली.

यानंतरचा भाग लिहिण्यास आम्हांस लाज वाटते, पण इतिहास लिहावयाचा तर तो अर्धा लिहू नये. आजी १९८१ साली निवर्तली, वडील १९८९ साली. आम्ही तेव्हा नोकरीनिमित्त परगावी होतो. जुने घर पाडून स्लॅबचे घर बांधण्याचे ठरविले. पेव डबर टाकून बुजविले व त्यावर न्हाणीघर बांधले. कणगी मोडून तिच्या कामट्या चुलीत घातल्या. उतरंडीत दोन मडकी लिंपलेली होती. ‘एवढ्या वर्षांचे धान्य, किडलेच असेल,’ असे म्हणून आम्ही ती फोडली. आतील ज्वारी स्वच्छ, चकचकीत होती. आम्ही ती गिरणीतून दळून आणविली. भाकरी फार गोड झाली. आई जेवली नाही. तिचे डोके दुखत असेल, असे आम्हांस वाटले.

पुष्कळ वर्षांनी तिने एकदा सहज सांगितले की, ते बियाणे जुने नव्हतेच. आजीच्या मागे दर दोन वर्षांनी ती बांधालगतच्या चार ओळींत ते पेरीत असे व नवे दाणे राखेत घालून ठेवीत असे. सुट्टीत येणाऱ्या शिक्षकास हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि त्याने विचारलेही नव्हते. जे दुष्काळाने खाल्ले नाही, ते आम्ही पगार हाती असताना दळून खाल्ले. गुळभेंडी आजही बाजारात मिळते. आजीच्या माहेरची मात्र नाही.

अलीकडे वारे पुन्हा फिरले आहे. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. शहरांत घरोघरी विजेवर चालणारी घरघंटी आली आहे. जात्याचे कष्ट नाहीत आणि पीठ मात्र ताजे, असा दुहेरी लाभ झाला आहे. आपल्या ज्ञातीतील तरुण मंडळी खपली, नाचणी, राळा हौसेने घेतात, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु धान्य घरी आणले आणि राखण्याची विद्या आणली नाही, तर काय होते, याचाही अनुभव आम्ही घेतला. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मोठ्या हौसेने चाळीस किलो सडलेली खपली आणली व तशीच पत्र्याच्या कोठीत भरली. भाद्रपदात झाकण उघडले तो आत सोंड्यांचे राज्य! सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “ऊन दाखवलं होतं का?” दुकानदाराकडे बोट दाखविण्यास आम्हांस तोंड उरले नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरी पुढील नियम पाळले जातात. धान्य सुगीनंतर, चैत्र-वैशाखात घ्यावे. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आत ऊब लागली किंवा कुबट वास आला तर घेऊ नये. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. चेपला गेला तर ओल आहे. मूठभर दाणे पाण्यात टाकावेत. पोकळ व किडके वर तरंगतात. खपली घेताना दाणा लांबट, तांबूस व टोकांस निमुळता आहे ना, ते पाहावे. सडलेली खपली दोन-तीन महिन्यांपुरतीच घ्यावी. अधिक हवी असेल तर कवचासह घ्यावी व लागेल तशी सडून आणावी. घरी आणल्यावर चाळून, पाखडून दोन-तीन दिवस कडक ऊन द्यावे आणि पूर्ण निवल्यावरच भरावे. गरम धान्य झाकले तर आत घाम धरतो. कोठी कोरडी, घट्ट झाकणाची व जमिनीपासून उंच ठेवावी. सावलीत वाळविलेला कडुनिंबाचा पाला थराथरांत घालावा. जुन्यावर नवे ओतू नये. पीठ आठवड्यापुरतेच दळावे. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो: गोदामात वापरतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि आणू नयेत. त्यांच्या वायूने किडीबरोबर माणसेही दगावतात.

शेवटी ज्ञातिबांधवांना व विशेषतः भगिनींना एक नम्र विनंती. ज्या घरांत अजूनही जुन्या वाणाची ज्वारी, बाजरी, राळा किंवा कवचासह खपली असेल, त्यांनी पुढील वार्षिक मेळाव्यास त्यातील एक शेर बियाणे आणावे. ज्यांच्याकडे चार ओळींपुरती का होईना जमीन आहे, त्यांनी ते घेऊन जावे व सुगीनंतर तितकेच परत करावे. संघाने त्याची एक वही ठेवावी: वाण कोणता, कोणत्या गावचा, कोणाच्या आईने किंवा आजीने राखलेला. आपल्या वंशावळींत स्त्रियांची नावे क्वचितच आढळतात. या वहीत ती आपोआप येतील. ती वही लिहिण्याचे काम आम्ही आनंदाने पत्करू. आमचे अक्षर अजून बरे आहे.

आमच्याकडे मात्र आणण्यासारखे काही नाही. आम्ही रिकामे मडके घेऊन येऊ.